लाईट येईपर्यंत

लाईट गेली की सगळी गल्ली वीज कंपनीच्या नावाने बोटं मोडायची. सिस्टर मात्र मनातल्या मनात खूश व्हायच्या. हातातलं काम टाकून त्या बाहेरच्या खोलीत यायच्या, खिडकीजवळच्या खुर्चीत बसायच्या आणि फोन मांडीवर घ्यायच्या. तीन-चार मिनिटांत तो वाजायचा. वाजला नाही असं कधी झालंच नव्हतं.

"आई, गेली का?"

"गेली रे. आत्ताच."

"टॉर्च हाताशी आहे ना?"

"भरदुपारी टॉर्च घेऊन काय करू?"

"असू दे हाताशी. बस आता. लाईट येईपर्यंत बोलू."

सिस्टर म्हणजे इस्पितळातल्या. चौतीस वर्षं वॉर्ड सांभाळून निवृत्त झाल्या त्यालाही नऊ वर्षं होऊन गेली, पण दुकानदारापासून बँकेतल्या शिपायापर्यंत सगळे अजून सिस्टरच म्हणायचे. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा इतका लांब की इथे दुपार असली की तिथे पहाट. वीज कंपनीचा 'तुमच्या भागातील पुरवठा खंडित' हा मेसेज त्याने मुद्दाम स्वतःच्या फोनवर लावून घेतला होता. तो आला की हा पठ्ठ्या भर झोपेतून उठून फोन करायचा.

लाईट येईपर्यंत फोन ठेवायचा नाही, हा त्यांचा जुना करार होता. लहानपणी त्याला अंधाराची फार भीती. लाईट गेली की तो पलंगावरून ओरडायचा, "आई, बोलत राहा." सिस्टरना गोष्टीबिष्टी काही येत नसत. मग त्या स्वयंपाकघरातून त्याला कवटीपासून तळपायापर्यंत माणसाच्या हाडांची नावं म्हणून दाखवायच्या. घोट्यापर्यंत पोचेतो पोरगं झोपलेलं असायचं. आता बोलत राहायचं काम त्याने अंगावर घेतलं होतं, एवढाच काय तो फरक.

एरवी रविवारी फोन यायचाच. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, गुडघा कसा आहे, चल ठेवतो. घड्याळ लावलं तर चार मिनिटं. सिस्टरनी आपणहून केला तर पलीकडून पहिला प्रश्न, "काय झालं?" काही झालं नाही म्हटलं की "मग रात्री करतो." पण लाईट गेलेली असताना दोघांनाही दुसरं काही काम नसायचं. पोरगा तोंडाला येईल ते बोलायचा. ऑफिसातल्या साहेबाची नक्कल करायचा. केस गळतात म्हणायचा. एकदा पाऊण तासानंतर हळूच म्हणाला होता, की सूनबाई आणि तो पंधरा दिवस एकमेकांशी बोललेले नाहीत, आणि तो दुपारचा डबा गाडीत एकटा बसून खातो. तेवढ्यात इकडे फ्रीज गुरगुरला. सिस्टरनी फोनवर हात धरला आणि लाईट आलीच नाही असं खुशाल खोटं सांगितलं.

मग ते वादळ आलं. झाडं पडली, तारा तुटल्या, एकोणीस तास लाईट नव्हती. सिस्टरच्या फोनची बॅटरी नेमकी लाईट जायच्या आधीच संपलेली होती. आता काही इलाज नाही म्हणून त्यांनी दोन पांघरुणं घेतली आणि अशी झकास झोप काढली की बऱ्याच वर्षांत तशी लागली नव्हती. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू दार बडवत आल्या. "अहो सिस्टर, जिवंत आहात ना? तुमच्या मुलाने माझं डोकं खाल्लंय." त्यांच्याच फोनवर मुलगा होता. तो आईशी नीट बोललासुद्धा नाही. चिडून एवढंच म्हणाला, "बास झालं. आता जनरेटर घ्यायचाच." सिस्टरना त्यातली फक्त चीड ऐकू आली.

सिस्टरनी नाना सबबी सांगितल्या. आवाज होतो. वास येतो. एकट्या बाईला एवढं धूड कशाला? खरी गोष्ट तेवढी सांगता येईना. 'लाईट गेली की तू बोलतोस, म्हणून मला लाईट जायला हवी असते' हे कुठल्या तोंडाने सांगायचं? मुलगा म्हणाला, "आई, तुझं काहीतरीच." आणि पैसे भरून मोकळा झाला.

बसवणारा मिस्त्री पन्नाशीचा, कमी बोलणारा, काम चोख. त्याने टेप लावून मागच्या भिंतीची दोन्ही टोकं मोजली. धूर खिडकीतून आत यायला नको म्हणून जागा खिडक्यांपासून लांब हवी होती. नेमका सिस्टरचा गुलाबांचा वाफा त्याच्या पसंतीला उतरला. गुलाब गेले, तिथे सिमेंटचा ओटा झाला. चार दिवसांनी ओट्यावर करड्या रंगाचा पेटारा येऊन बसला. गॅसची नळी जोडायला दुसरा माणूस आला. मीटरशेजारी आणखी एक डबा लागला.

"सिस्टर, सगळ्या घराचा भार याच्यावर टाकायचा नाही," मिस्त्री म्हणाला. "कुठले पॉइंट चालू ठेवायचे ते सांगा."

"मला काय, एक दिवा पुरे."

पण यादी आधीच मुलाकडून आलेली होती. फ्रीज, पाण्याचा पंप, दिवे-पंखे, झोपायच्या खोलीतला हीटर आणि सगळ्यात पहिला इंटरनेटचा डबा.

"तो कशाला पहिला?"

"मशीनची खबर त्याच्यातूनच जाते ना. तुमच्या मुलाच्या फोनवर हिरवा ठिपका दिसतो. मशीन बंद पडलं किंवा खबर तुटली की लाल. दर मंगळवारी अकरा वाजता हे आपोआप बारा मिनिटं चालून बघेल, तेही त्यांना कळेल. तुम्ही कशालाच हात लावायचा नाही. लाईट गेली की दहा सेकंद थांबा, बस."

वॉर्डात सिस्टर नव्या पोरींना हेच तर झापायच्या. उशाशी यंत्र बरं दाखवतंय ना, मग पेशंटचं तोंड बघायलाही कुणी उठत नाही. त्यांनी मिस्त्रीसाठी चहा टाकला.

पंधरा दिवसांनी दुपारी लाईट गेली. सवयीने सिस्टर लगबगीने बाहेरच्या खोलीत आल्या, खुर्चीत बसल्या. त्या बसतात न बसतात तोच मागे पेटारा घरघरला आणि पंखा फिरायला लागला. फोन मांडीवर तसाच. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. सिस्टरनी फोन हलवून बघितला. दीड तासाने मेसेज आला, 'बघितलं. मस्त चाललंय.' पुढे एक अंगठा. त्यांनी तो अंगठा बराच वेळ बघितला.

त्यानंतर दोनदा लाईट गेली. दोन्ही वेळा नुसता अंगठा आला. रविवारचे फोन मात्र वेळच्या वेळी यायचे आणि चार मिनिटांत आटपायचे. मंगळवारी अकराला मशीन आपलं आपण चालू व्हायचं आणि बारा मिनिटं मुलाला काय काय सांगायचं. आपल्यापेक्षा हेच त्याच्याशी जास्त बोलतं, असं सिस्टरच्या मनात यायचं, आणि मग स्वतःचीच लाज वाटायची. त्या मशीनचा मत्सर करत होत्या. सत्तरीला टेकलेली बाई, आणि मत्सर कुणाचा तर जनरेटरचा. पण वाटत होतं ते वाटत होतं.

एका बुधवारी दुपारी, लाईट व्यवस्थित असताना, त्या मागच्या दारी गेल्या. पेटाऱ्याचं झाकण उचललं आणि 'बंद'चं बटण दाबलं. हात धुतले, चहा केला, खुर्चीत येऊन बसल्या. तिकडे आता लाल झालं असणार. आता वाजेल. काय बोलायचं तेही ठरलं होतं. मी सहज विचारणार, की सूनबाई काय म्हणते, बोलता का आता?

पाऊण तासाने वाजली ती दारावरची बेल. दारात मिस्त्री.

"मशीन बंद पडलंय म्हणून तुमच्या मुलाने कंपनीला कळवलं. वर्षभराची देखभाल आमच्याकडेच आहे ना."

त्याने झाकण उघडलं, बटण बघितलं, सिस्टरकडे बघितलं. "पुसताना हात लागला असेल," सिस्टर म्हणाल्या. "होतं असं," म्हणून त्याने बटण पूर्ववत केलं आणि चहा न घेता गेला.

पुढच्या आठवड्यात सिस्टरनी इंटरनेटच्या डब्याची वायर काढली. पुन्हा मिस्त्रीच आला. वायर जागेवर लावताना त्याने काही विचारलं नाही, आणि ते सिस्टरना जास्त लागलं. एवढं होऊनही अक्कल आली नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात त्यांनी पुन्हा बटण दाबलं. एकदा तरी तो आधी मला विचारेल, एवढीच आशा.

या खेपेला मिस्त्रीने झाकण उघडलं आणि अवजारांची पिशवी खाली ठेवली.

"सिस्टर, हात तीनदा लागत नाही."

सिस्टर ओट्याच्या कडेला बसल्या आणि सगळं सांगून टाकलं. आधीचे फोन, तो करार, चार मिनिटांचे रविवार, सगळं.

"तुमच्या मुलाला कळवावं लागेल," मिस्त्री म्हणाला. "काम झालं की फोन करायचा असा नियम आहे. तुमचं नाव घेत नाही मी." त्याने फोन पेटाऱ्यावर ठेवला, स्पीकर चालू केला आणि तपासणीचा कागद भरायला घेतला.

पहिली घंटी पुरती वाजलीही नाही.

"पोचलात का?" मुलाचा आवाज आला. "दार उघडलं का तिने?"

"उघडलं, साहेब. ठीक आहेत त्या."

पलीकडे नुसता श्वास ऐकू आला, लांब. "बरं. बरं झालं. आता मशीनचं सांगा."

मिस्त्रीने पेन थांबवलं. "साहेब, एक विचारू? लाल झालं की तुम्ही आधी आईंनाच का नाही फोन करत? मला पोचायला पाऊण तास लागतो."

मग मुलगा बोलला, आणि तो आवाज थेट लाईट गेल्यानंतरच्या दुपारींचा होता.

"वादळात त्रेचाळीस वेळा केला होता हो. एकदाही लागला नाही. एकोणीस तास मी इथे बसून काय काय बघितलं डोळ्यांपुढे, ते तुम्हाला नाही सांगत. आता लाल दिसलं की फोन करायला हातच उचलत नाही. तिने नाही उचलला तर? म्हणून तुम्हाला पाठवतो. दार उघडलं असं तुम्ही म्हणालात की मग मला श्वास घेता येतो. हिरवं असलं की झोप लागते. वाटतं, आहे ती, तिचं चाललंय, कशाला उगीच त्रास द्या."

सिस्टर उभ्या राहिल्या होत्या. चौतीस वर्षं त्यांनी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेली माणसं बघितली होती. आत आपलं माणूस असतं, आणि दार ढकलायचा धीर होत नाही म्हणून ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक नर्सचं तोंड वाचत बसतात. आपला पोरगा तिथे बसलाय हे त्यांना कळलं नव्हतं. कळलं नव्हतंच, वर तीन वेळा त्यांनीच त्याला तिथे नेऊन बसवलं होतं.

मिस्त्रीने भुवया उंचावून फोनकडे बोट दाखवलं. बोला. सिस्टरच्या ओठांवर त्याचं नाव आलं होतं. पण बोललं की लाल कुणी केलं तेही सांगावं लागणार. आई मशीनला हात लावते हे एकदा कळलं, की त्याचा हिरव्यावरचाही विश्वास जाणार. मग तो झोपणार कशाच्या भरवशावर? त्यांनी मान हलवली. झाकणाखाली हात घालून त्यांनी स्वतःच बटण पूर्ववत केलं.

"आलं," मुलगा म्हणाला. आवाज एकदम सैल झाला. "हिरवं आलं. मिस्त्री, थँक्यू हं. झोपतो आता."

फोन बंद झाला. मिस्त्रीने कागद पुढे केला, सिस्टरनी सही केली.

"बोलायला हवं होतं तुम्ही," तो पिशवी उचलत म्हणाला.

"तिकडे पहाटेचे चार वाजलेत," सिस्टर म्हणाल्या.

त्यानंतर लाईट गेली ती एका गुरुवारी दुपारी. सिस्टर स्वयंपाकघरात भांडी विसळत होत्या. फ्रीज गप्प झाला. त्यांनी नळ बंद केला आणि ओले हात तसेच धरून दहा सेकंद उभ्या राहिल्या. मागे मशीन सुरू झालं, दिवा लागला. त्यांनी नळ पुन्हा सोडला. बाहेरच्या खोलीत त्या गेल्या नाहीत. तिकडे पहाट होती. मुलगा झोपला होता.