जप्त केलेले जाळे

मित्रांनो, मी एक जुने जाळे आहे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, नदीकाठच्या आदिवासी गावात मार्सेलीन नावाच्या बाईने मला सुती दोऱ्याने विणले. तिचा भाऊ अँब्रोझ शेजारी बसून चिडवायचा, "ताई, एवढ्या मोठ्या भोकांतून मासे टाटा करत निघून जातील."

ती म्हणायची, "लहानांनी जावंच. तुझ्यासारखे सुस्त तेवढे अडकतात."

सॅल्मन मासे समुद्रातून नदीत चढू लागले की मी पाण्यात असे. ते मासे धुरावर सुकवले जात आणि त्यांवर गावाचा हिवाळा निघे.

एका सकाळी सरकारी मत्स्यखात्याच्या निरीक्षकाची होडी आली. त्याने परवाना मागितला.

"परवाना नाही, करार आहे," मार्सेलीन म्हणाली. "आमची जमीन घेताना तुमच्याच सरकारने लिहून दिलंय, मासेमारी पूर्वीसारखी चालेल म्हणून."

"करार जुना झाला, बाई. नियम नवा आहे." त्याने मला पोत्यात कोंबले.

सरकारी गोदामात माझ्यासारखी पुष्कळ जाळी होती. उंदरांनी माझी कड कुरतडली. मार्सेलीनवर परवान्याविना मासेमारीचा खटला भरला; कराराच्या जोरावर ती तो जिंकली आणि मी घरी आले. पुढच्या मोसमात दुसऱ्या निरीक्षकाने मला पुन्हा नेले. ती पुन्हा जिंकली. पण दोन्ही हिवाळ्यांत मासे सुकवायच्या खोपटात नुसती राख होती. म्हातारी माणसे दुकानातले डबाबंद मांस खाऊन कंटाळली.

मग नदीकाठच्या गावांनी मिळून करार पाळायला लावणारा कायदाच मागितला. संसदेच्या समितीपुढे जाताना मार्सेलीनने मला बरोबर नेले आणि टेबलावर पसरले. एका सदस्याने विचारले, न्यायालय तुम्हाला सोडते, मग कायदा कशाला?

"न्यायालय मला सोडतं, साहेब," ती म्हणाली, "पण मासे खटल्यासाठी थांबत नाहीत."

तो सदस्य बराच वेळ माझी कुरतडलेली कड चाचपत राहिला.

कायदा व्हायला काही वर्षे गेली. अँब्रोझला तो पाहायला मिळाला नाही. आता करारातला हक्क नियमाच्या वर आहे आणि गावाला विचारल्याशिवाय नदीसाठी नवा नियम करता येत नाही.

वर्तमानपत्रात माझा फोटो आला. संग्रहालयाने मला काचेत ठेवायला मागितले. मार्सेलीनने नकार दिला आणि माझी कड नव्या दोऱ्याने विणून घेतली.

यंदा निरीक्षकाची होडी आली, ती जाळ्याकडे न वळता आधी किनाऱ्याला लागली. तरुण निरीक्षक बाईंनी टोपी काढून विचारले, "मावशी, यंदा मासे कसे आहेत?"

"कमी आहेत. उद्यापासून आम्ही जाळं टाकणार नाही. तुमच्या वहीत तसं लिहा."

बाईंनी तसे लिहून घेतले.

मित्रांनो, मी आता खुंटीवर वाळत आहे. मध्येच माझ्या विणीतले एक घर उसवले आहे. कोणीतरी वेळेवर शिवा. मासे पुन्हा वाढले की मला पाण्यात जायचे आहे.