शेपूट खाली असतं ते मेंढरू

"आबा, फोटो काढायचा का? इथल्या शेळ्या," गोकुळ म्हणाला.

"मेंढरं हायती ती," सोनबा व्हॅनच्या खिडकीतून म्हणाले.

"अंगावर लोकर तरी आहे का त्यांच्या?"

"शेपूट बघ. शेळीचं वर, मेंढराचं खाली. आन् ह्या उकाड्यात लोकर कुठली ऱ्हातीय? महिनाभर ऱ्हायलो तर माझ्या मिशा झडतील."

ड्रायव्हरनं विचारलं, म्हातारेबुवा काय म्हणतात? गोकुळनं इंग्रजीत सांगितलं. ड्रायव्हरनं गाडीच थांबवली आणि मागे वळून सोनबांना सलाम ठोकला. अकरा वर्षं तो टुरिस्ट फिरवत होता. सगळे शेळ्याच म्हणत. हा पहिला शहाणा माणूस.

सकाळी त्यांच्या सहलीचं जहाज अँटिग्वाला लागलं होतं. बेटाचा इतिहास, निसर्ग आणि संस्कृती यांसाठी कंपनीनं एकूण चार तास दिले होते. त्यातला पाऊण तास किल्ल्यात गेला. शिवनेरीच्या सावलीत जन्म काढलेल्या सोनबांनी कमरेएवढा तट पाहिला आणि "बांधायचा ऱ्हायला का?" एवढंच विचारलं.

तीन दिवस त्यांना एकच गोष्ट हवी होती. गावी, पिंपरी पेंढारला भावाला फोन. भाऊ धाकटा, नाव मात्र दादाभाऊ. मुलाकडे, गोकुळकडे, अमेरिकेत दोन महिने यायचं म्हणून सोनबांनी आपली बेचाळीस मेंढरं त्याच्या हवाली केली होती. जहाजावर अठरा तास जेवण मिळे, पण रेंज मिळत नसे. जमिनीवर उतरल्यावर लावू, असं गोकुळ म्हणाला होता. उतरल्यावर किल्ल्यात पासवर्ड नव्हता. दुकानात पासवर्ड होता, तर बॅटरी संपली होती. त्या संपलेल्या बॅटरीवर गोकुळनं पुढे दुकानाबाहेरच्या तोफेचे नऊ फोटो काढले.

"ती मागली लंगडतीय," सोनबा म्हणाले आणि व्हॅनचं दार सरकवून खाली उतरले.

मेंढरं ड्रायव्हरच्या चुलतभावाची निघाली, त्यामुळे परवानगीचा प्रश्न मिटला. सोनबांनी जिभेनं टकटक आवाज केला. कळप बिचकून पांगला, पण लंगडी मागे राहिली. अडुसष्ट वर्षांच्या माणसानं दोन पावलांत तिचा मागचा पाय धरला, तिला कुशीवर निजवलं आणि गुडघ्यानं दाबून धरलं. सुनेनं, समृद्धीनं, आणलेले पांढरेशुभ्र बूट लेंड्यांत बुडाले. गोकुळ धावत आला.

"आबा, काय करताय? साडेतीनला जहाजावर पोचायचंय."

"काटा हाय. खोल गेलाय." सोनबांनी शेजारच्या बाभळीसारख्या झुडपाचा काटा मोडला आणि खुराच्या बेचक्यात घातला. काट्यानं काटा काढणं ही म्हण होण्याआधी पद्धत होती. "आपल्या काळ्या तोंडाचीला निघताना आसाच रुतल्याला. दादाभाऊला फोन लाव. काढला का न्हाई, इचारतो."

"आबा, बॅटरी..."

"गोकुळ."

गोकुळनं व्हॅनकडे पाहिलं. समृद्धी आत बसून होती. जहाजाचं बुकिंग आणि दुसरी एक गोष्ट एकाच आठवड्यात ठरली होती, हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती उतरली नव्हती.

"मेंढरं विकली, आबा. सोमवारी."

सोनबांचा अंगठा खुरावर तसाच राहिला.

"काका एकटे किती बघणार? महिन्याभरात बिबट्या दोनदा वस्तीवर येऊन गेला. तुम्ही परत जाणार आणि पुन्हा मेंढरांतच झोपणार. इथं माझा डोळा लागत नाही."

"त्यो मेंढरू न्यायला येतो. माझ्यात काय खायला हाय?"

"चेष्टा नका करू."

"मला इचारलं का न्हाई?"

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हंजी तेवढं ठावं व्हतं तुला."

मेंढी एकदा ओरडली. सोनबांनी दोन बोटांत धरून काटा बाहेर ओढला, उन्हात पाहिला आणि लांब फेकला. मग मान वर न करता विचारलं,

"पाळायला दिली का कापायला?"

गोकुळनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"ते... ते मी विचारलं नाही, आबा."

सोनबांनी गुडघा उचलला. मेंढी उठली, चार पावलं लंगडली आणि मग धड पायांनी कळपात मिसळली. म्हातारेबुवा काय म्हणाले, असं ड्रायव्हरनं विचारलं. या वेळी गोकुळनं सांगितलं नाही.

पुढचे दोन पॉइंट कुणीच पाहिले नाहीत. व्हॅनमध्ये मेंढराचा उग्र, तेलकट वास भरला होता. समृद्धीनं काच खाली केली. सोनबा मेंढीला धरलेल्या उजव्या तळव्यावर नाक टेकून बसले होते. डोळे मिटलेले होते, पण झोप नव्हती.

जहाजाच्या दारात निळ्या टोपीतली एक मुलगी "हात धुवा"चं गाणं म्हणत प्रत्येकाच्या तळव्यांवर सॅनिटायझर फवारत होती. त्याशिवाय आत प्रवेश नव्हता. गोकुळनं हात पुढे केले, समृद्धीनं केले.

सोनबांनी डावा हात पुढे केला.

मुलगी हसून काहीतरी म्हणाली.

"आबा, दोन्ही हात म्हणतेय," गोकुळ हळू म्हणाला.

सोनबांनी उजवा हात पायजम्याच्या खिशात आणखी खोल सारला. मागची रांग खोळंबली. कुणीतरी घसा खाकरला.

मुलीनं डाव्या तळव्यावरच दोनदा फवारलं आणि पुढच्याला बोलावलं.