उशिरा आलेलं हसू

मंचावर एकट्यानं उभं राहून लोकांना हसवणं, हा त्याचा धंदा. प्रत्येक कार्यक्रम तो फोनवर रेकॉर्ड करायचा आणि दुसऱ्या दिवशी चहा घेत ऐकायचा. शब्द नव्हे, हशे. कुठं हशा पिकला, कुठं नुसतेच खोकले आले, ते वहीत टिपून ठेवायचा.

त्या हशांत एक हसू थोरल्या बहिणीचं. आईमागे तिनंच त्याला वाढवलं. बावीस वर्षं ती पहिल्या रांगेत बसत आली. विनोद पुरता तोंडाबाहेर पडायच्या आत ती खळखळून हसायची आणि तिच्या मागून सगळं सभागृह.

त्या सोमवारी त्याची पेन्सिल थांबली. लोक आधी हसले होते, ताई नंतर. पुढच्या विनोदालाही तेच. त्यानं मागची रेकॉर्डिंग काढून ऐकली. तिथंही ताई मागेच.

स्वयंपाकघरात ती पाठमोरी भांडी घासत होती.

"ताई, घराला आग लागली गं."

भांडी घासणं चालूच.

त्यानं खांद्यावर हात ठेवला तशी ती दचकली. त्याचा चेहरा पाहून काय ते समजली.

"कधीपासून?"

त्याच्या ओठांकडे बघत ती म्हणाली, "झालं असेल वर्ष. डॉक्टर म्हणाले, यंत्राचाही उपयोग नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर नेलं असतंस मला? लोक हसले की मी हसते. कुणाचं काय अडतं त्यात?"

ज्या देवानं याला वाचा दिली, त्यानंच हिचे कान परत मागून घेतले. रागवावं तरी कुणावर? देवापुढे त्याचे हात जोडलेलेच राहिले आणि डोळे वाहत राहिले.

पुढच्या रविवारी दुपारच्या कार्यक्रमात तो तिच्याकडेच तोंड करून, एकेक शब्द सुटा करून बोलला. तिला ओठ वाचता यावेत म्हणून. विनोदाचं मात्र असं, अर्धा क्षण रेंगाळला की त्याचा जीव जातो. सगळे विनोद वाया गेले.

"काय साहेब," सभागृहाचा व्यवस्थापक म्हणाला, "आज बाराखडी शिकवायला आला होतात का?"

घरी ताईनं फर्मान काढलं, "यापुढं माझ्याकडं बघायचं नाही. मला कडेला बसव, लोकांकडं तोंड करून. तू ऐकू येत नाहीस तर नाही. तुझी माणसं तरी बघू दे."

पुढच्या कार्यक्रमात त्यानं तसंच केलं. मंचाच्या कडेला तिची खुर्ची.

"शाळेत नापास झालो," त्यानं सुरुवात केली. "ताईनं विचारलं, 'आणखी कोण?' म्हटलं, 'मी एकटाच.' तर म्हणते, 'बरं झालं, गर्दी नाही. बाई नीट लक्ष देतील!'"

सभागृह उसळलं. सगळ्यांच्या पानात वाढलंय ना, हे पाहावं तशी ताई एकेक चेहरा पाहत गेली. हशा ओसरला, सगळं शांत झालं आणि मग ती हसली. एकटीच. भसाड्या, चढ्या आवाजात. माना वळल्या. तिनं तोंडावर हात ठेवला.

"फार मोठ्यांदा हसले का रे?" तिनं तिथूनच ओरडून विचारलं.

लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. त्या दिवसाचा सगळ्यात मोठा हशा तोच. ती हसरी तोंडं पाहून ताईचा जीव भांड्यात पडला. तिनं त्याच्याकडं बघून मान डोलावली. जमलं रे, पोरा.

त्यानं माइक खाली केला. पुढचं काही केल्या आठवेना.