न सुटलेली जोडी

मित्रांनो, अंधेरीच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या कपाटात अगदी तळाच्या फळीवर जो पितळी सूक्ष्मदर्शक धूळ खात पडला आहे ना, तोच मी. आता माझं चाक कुरकुरतं, भिंगावर बुरशी चढली आहे. पण एके काळी माझाही थाट होता. जर्मनीत घडलो, बोटीने मुंबईला आलो. विजेचा दिवा मला लागत नसे. खालच्या आरशाने खिडकीतलं ऊन पकडून दिलं की माझं भागे.

१९५९ साली मी वसुधाबाईंच्या हाताखाली होतो. गिरणीकामगाराची ही मुलगी बी.एस्सी. होऊन इथे डेमॉन्स्ट्रेटर झाली होती. मुलं जोगेश्वरीच्या लेण्यांजवळच्या गवतातून नाकतोडे आणत. बाई नराच्या पोटातली बीज बनवणारी इवलीशी गाठ काढून लाल रंगात भिजवत आणि काचेखाली ठेवून, वर टिपकागद घालून अंगठ्याने दाबत. शिपाई काशीराम हसायचा, "बाई, पापड लाटताय काय?"

मग मला गुणसूत्रं दिसत. बीज तयार होताना ती जोडीजोडीने जवळ येतात आणि मग जोडी सुटते, एक या टोकाला, दुसरं त्या टोकाला. बीजात निम्मीच जावीत म्हणून ही वाटणी. किती सुबक काम! मी तासन्‌तास बघत बसे.

बाईंच्या घरचं दुखणं मला त्यांच्याच तोंडून कळलं. त्यांच्या वहिनीचा, सुलक्षणाचा, लवू चार वर्षांचा झाला तरी दोन-तीनच शब्द बोले. डोळे तिरपे, हसू मात्र तोंडभर. तो पोटात असताना सूर्यग्रहण लागलं होतं आणि सुलक्षणाने विसरून विळीवर, त्यांच्या बोलीत आडाळ्यावर, कैरी चिरली होती. तेव्हापासून सासू रत्नप्रभाबाईंचं, म्हणजे वसुधाबाईंच्या आईचं, एकच पालुपद, "गिराणात आडाळो धरलंस, म्हणान पोर असा झाला!" सुलक्षणाने विळी कायमची सोडली. घरची भाजी कॉलेजला निघण्याआधी वसुधाबाईच चिरत.

त्या वर्षी परदेशातलं एक मासिक आलं. अशा मुलांच्या पेशींत एक गुणसूत्र जास्त मोजलं गेलं होतं. बाईंनी ते तीनदा वाचलं. मग रोज तास संपल्यावर त्या माझ्यावर वाकून काहीतरी शोधू लागल्या. तीन आठवड्यांनी एका सकाळी त्या ओरडल्या, "काशीराम, याला हात लावू नका!" आणि तशाच घरी धावल्या.

तासाभराने सुलक्षणा लवूला घेऊन आली. लवू माझ्या आरशाचा भिंतीवर पडलेला कवडसा पकडू लागला.

"वहिनी, डोळा लाव. हलू नको. ती जोडी बघ, सुटलीच नाही. दोघं एकाच टोकाला गेलीत. म्हणजे एका बीजात एक जास्त, दुसऱ्यात एक कमी."

"दिसला गो."

"आपल्या लवूचंही असंच. बीज आईचं असो नाहीतर बापाचं, चूक ते बनतानाच होते. मूल राहायच्याही आधी! ग्रहण लागलं तेव्हा तुला चौथा महिना होता."

सुलक्षणाने डोळा काढलाच नाही. माझी काच ओली झाली. मग ती हळूच म्हणाली, "मगे ह्या नाकतोड्यान खयच्या गिराणात आडाळो धरल्यान?"

वसुधाबाई हसल्या, आणि हसता हसता रडल्या. माझ्या आयुष्यात मला पुष्कळ शाबासक्या मिळाल्या, पण त्या एका वाक्याची सर कशालाच नाही.

दुसऱ्या दिवशी डबा उघडताना बाई काशीरामला सांगत होत्या, "आज कोबी वहिनीने चिरला. आई बघत उभी होती. मला वाटलं, आता आग पाखडणार."

"मग?"

"आत गेली. मुळा आणून तिच्यापुढे ठेवला. म्हणाली, 'ह्यो पण चिर.'"

पुढे विजेच्या दिव्याचे नवे सूक्ष्मदर्शक आले, वसुधाबाई निवृत्त झाल्या आणि मी या फळीवर आलो. मित्रांनो, माझी तक्रार नाही. जमलं तर मऊ फडक्याने माझं भिंग पुसा, एवढंच. आणि कुणाच्या पदरात दोष घालण्याआधी मला एकदा खिडकीशी न्या. ऊन अजून तिथेच येतं.