इंजिनाला लावलेलं पीठ

थेंब पडत नव्हता. मोटारसायकलच्या इंजिनाच्या पोटाखाली, शेवटच्या बोल्टाच्या टोकाला तो जाड होऊन लोंबत होता, आणि अंगणात उकिडवे बसलेले गुणवंतराव त्याच्याकडे असे पाहत होते, की जणू दोघांपैकी आधी कोण कंटाळतो यावर त्यांचा संसार ठरणार होता... तो तसा ठरणारच होता. माहेरी मार्कंड्याला जाताना इंदिराबाई एवढंच म्हणाली होती, "गळती थांबली की या मले न्यायले. तोवर या म्हशीसंगंच राहा." भर जत्रेत, लग्नाच्या शालूवर, तोही पाठीमागे तेलाचा डाग — अख्ख्या माहेरानं पाहिलेला.

मोटारसायकल लढाईतली, लिलावात घेतलेली. लढाईत ती कुणाच्या बाजूनं होती हे तिनं कधी उघड केलं नव्हतं. मलेरियाच्या फवारणीसाठी ते तिच्यावरून गावोगाव हिंडत. उन्हाळाभर त्यांनी बोल्ट आवळले, गॅस्केटं बदलली; तरी रोज सकाळी इंजिन ओलं. आणि आतलं तेल मात्र तसूभर कमी होत नव्हतं! बाहेर गळतं, आत उरतं... माझ्या पगाराला ही विद्या का येऊ नये?

चांद्याचा मिस्त्री म्हणाला होता, "घासतेलानं पुसा, वरून पावडर मारा, मंग चालू करा. पावडर पयले जिथी ओली, तिथीच गळते." म्हणून आज ते अंधारातच उठले. पण पावडरचा डबाही माहेरी गेलेला. त्यांनी थेंबासकट सगळं पुसलं, तांदळाचं पीठ भुरभुरवलं आणि किल्ली आणायला आत गेले.

परत आले तर पीठ ओलं. इंजिन अजून चालूच केलं नव्हतं. आणि ओल सुरू झाली होती पेट्रोलच्या टाकीच्या माथ्यावरून — जिथं तेलाचा काही संबंधच नाही. बोट लावलं. तेल काळं नव्हतं, पिवळं होतं. वास मोहाच्या टोळीचा, म्हणजे मोहाच्या बियांच्या तेलाचा, इथल्या प्रत्येक चुलीपाशी येतो तो.

टाकीपलीकडे शेजारची गिरजाबाई उभी होती. खांद्यावर मासे धरायचं जाळं, हातात पानाचा द्रोण.

"तुमीबी पूजा मांडली का, साहेब? बरं केलं. मी एकटीच करून राह्यली होती."

"रोज? काऊन, बाई?"

"माह्या इस्तारीले वाचवलं ना यानं." तिनं टाकीवर हात ठेवला.

इस्तारी... साप चावलेला तिचा पोरगा, धोतरानं पाठीशी बांधलेला. जंगलातून चांद्यापर्यंतची ती वाट — आणि त्यातलं त्यांना आठवत होतं ते फक्त पेट्रोल संपेल हे भय, आणि मानेवर येणारा तो श्वास, थांबतो की काय...

"पण बाई, चालवत तर मी होतो."

"तुमी तं लय घाबरले होते म्हणे," ती मायेनं म्हणाली. "हा नाई घाबरला."

द्रोणातलं उरलेलं तेल हेडलाइटवर ओतून, नमस्कार करून ती तलावाकडे निघाली.

एक वाक्य हाक मारून सांगायचं होतं. बाई, उद्यापासून नको. एवढं म्हटलं, की मार्कंडा, इंदिरा, सगळं परत... तोंड उघडलं, पण आत ते वाक्यच नव्हतं. होता तो मानेवरचा श्वास, अजून चालू असलेला. टाकीवरून तेल संथपणे पिठात उतरत होतं, फुटत होतं, वाट काढत होतं, आणि हे लोखंड त्यांनी कितीदा उघडलं, कितीदा मिटलं, तरी ते आज पहिल्यांदाच पाहत होते असं त्यांना वाटलं. पिठातेलानं माखलेले दोन्ही हात त्यांनी समोर धरले होते — पुसायला की जोडायला, ते हातांनाही अजून ठरवता येत नव्हतं...