कणगीचा आतला थर

एक लिटर पाण्यात बेचाळीस जलपिसवा होत्या. त्यांतल्या अकरांच्या पाठीत अंडी दिसत होती. जलपिसू ही कोलंबीच्या दूरच्या नात्यातली, तिळाहून लहान, गोड्या पाण्यात राहणारी. रोडपाली गावाच्या पलीकडच्या या तळ्यात मात्र लिटरला चार ग्रॅम मीठ होतं. पंधरा वर्षांपूर्वी खाडीचा बांध फुटला आणि भरतीचं पाणी आत झिरपू लागलं.

"या पिसवा खारं सोसतात एवढंच तू दाखवलंस," माझ्या प्रबंधाचे मार्गदर्शक सर म्हणाले. "त्या बदलल्या कशावरून? मुळातच सोशिक असतील. बांध फुटण्याआधीच्या आण, नाहीतर विषय बदल."

आधीच्या कुठून आणणार? जुनी अंडी तळाच्या गाळात टिकून असतात, आणि तो गाळ पोकलेनने कधीच उपसून नेला होता.

तळ्यासमोरच्या जनीकाकींकडे मी चहाला बसायचे. त्या दिवशी त्या कोपऱ्यातली भात साठवायची बांबूची कणगी लिंपत होत्या. कणगी रिकामी होती.

"भात नाय, शेती नाय, तरी लिंपते," त्या म्हणाल्या. "सासूनं लावलेली सवय हाय. दर दिवालीआधी तल्याचा चिखल, जुन्यावर नवा."

"आई बाबांनाही एवढं नटवत नाही," आतून त्यांचा मुलगा केतन म्हणाला.

"तुजा बाबा चिखल लावून घेतो काय?"

माझा चहा तसाच राहिला. चिखलातली जलपिसवांची अंडी कोरड्या मातीतही वर्षानुवर्षं टिकतात. वरचे थर बांध फुटल्यानंतरचे, पण सगळ्यांत आतला आधीचा असणार. मी काकींना ते सांगितलं. कणगी फोडावी लागेल, हेही सांगितलं.

त्यांनी चिखलाचे हात पदराला पुसले.

"आतला हात सासूचा हाय. ती गेली, आन् दुसऱ्या पावसात बांध फुटला." मग विचारलं, "निगतील काय पिसवा त्यातून?"

"सांगता येत नाही, काकी."

"खोटं तरी नाय बोललीस."

त्यांनी स्वतःच कोयता आणला. आतला थर सुटून आला तेव्हा त्यावर चार बोटांचे ओढलेले माग होते. काकींनी त्यांत आपली बोटं ठेवून पाहिली आणि तुकडा माझ्या हातात दिला.

"आता त्या कोपऱ्यात वॉशिंग मशीन ठेवू," केतन म्हणाला.

"दुसरी कणगी लिंपीन. तुज्या मशीनला जागा नाय मिलनार."

प्रयोगशाळेत मी माती गोड्या पाण्यात भिजवून दिव्याखाली ठेवली. आठवडाभर नुसता गाळ दिसत होता. मग एका सकाळी काचेच्या कडेला तीन ठिपके उड्या मारताना दिसले. मी सरांच्या आधी काकींना फोन केला.

"तीन?" त्या म्हणाल्या. "सासूच्या हाताला बरकत होती गो."

जलपिसूच्या मादीला एकटीनेही पिल्लं होतात, त्यामुळे तीन पुरेशा होत्या. काकींच्या सासूबाईंना मी कधी पाहिलं नव्हतं, पण माझं काम त्यांच्या हातावर उभं होतं. काकींना विचारून मी बरणीवर सासूबाईंचं नाव लिहिलं: भामा.

भामाच्या आणि आजच्या तळ्यातल्या पिसवा मी तीन पिढ्या एकाच गोड्या पाण्यात वाढवल्या, म्हणजे आईच्या पाण्याचा परिणाम उरणार नाही. मग दोन्हींतल्या तीस-तीस पिसवा लिटरला सहा ग्रॅम मीठ असलेल्या पाण्यात सोडल्या.

अठ्ठेचाळीस तासांनी आजच्या तळ्यातल्या पंचवीस जिवंत होत्या, भामाच्या चार.