दाजी परबांची सातवी शीर

दाजी परब विजयदुर्गच्या बंदरावर आगबोटीची तिकिटं देत. खिडकीच्या जाळीआड त्यांचा चेहरा दिसला की भांडायला आलेला माणूससुद्धा मुकाट रांगेत उभा राही. ते कुणावर ओरडत नसत. कपाळावर तीन आठ्या घालत, तेवढं पुरे होई. त्यांना हसताना पाहिलेला माणूस गावात नव्हता. त्यांची बायको सावित्री म्हणे, "लग्नात हसले होते म्हंतत. पण तेव्हा मधे अंतरपाट होतो."

१९६१च्या जानेवारीत त्यांचा मुलगा शंकर मुंबईहून रजेवर आला आणि खारेपाटणच्या परशुराम राण्यांची जानकी बघायला जायचं ठरलं. सावित्रीचा पाय विहिरीवर मुरगळला होता, म्हणून बापलेक दोघंच निघाले. भरती धरून मचव्याने खाडीतून वर जायचं होतं. थंडीचे दिवस, आणि दाजी डाव्या कानावर वारा घेत मचव्याच्या पुढच्या टोकाला बसून राहिले. मफलर गुंडाळा, एवढं सांगायची शंकरची छाती झाली नाही.

खारेपाटणला ते एका ओळखीच्या घरी उतरले. सकाळी दाजींचा डावा कान मागून ठणकत होता आणि गाल जड झाला होता. दाढ असेल, असं म्हणून त्यांनी डोक्यावर टोपी चढवली. शंकरला वडिलांचं तोंड जरा वाकडं दिसलं. पण ते सरळ असतानाही त्याला त्याकडे फार वेळ बघवत नसे. वडिलांना हे स्थळ पसंत नाही, एवढाच अर्थ त्याने काढला.

परशुराम राणे मोकळा माणूस, आवाजाने मोठा. भाताची खाचरं, काजूची बाग. बायको लवकर वारली, तेव्हा विधवा बहीण हौसाबाई हिने जानकीला वाढवलं. जानकी मिरजेला एका दवाखान्यात नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि पाहुण्यांसमोर त्याची फार वाच्यता नको, असं हौसाबाईचं मत होतं. सकाळपासून तिने भाचीला तीनदा बजावलं होतं, "मान वर करू नको. इचारतीत तेवढाच बोल. आणि त्या हाडा-शिरांच्या गजाली अजिबात नको गो बाय!"

पाहुणे ओटीवर बसले. "येवा, येवा! प्रवास बरो झालो मां?" परशुरामांनी आपल्या नेहमीच्या आवाजात विचारलं, आणि दाजींनी चटकन डाव्या कानावर हात ठेवला. त्यांच्या त्या कानात ढोल वाजवल्यासारखं झालं होतं. परशुराम जरा ओशाळले. हौसाबाई दारात आली, तशी दाजींनी तिच्याकडे बघून नमस्कारादाखल पापण्या मिटल्या. म्हणजे त्यांनी दोन्ही मिटल्या. पण मिटली फक्त उजवी.

हौसाबाईने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

जानकी पोहे आणि चहा घेऊन आली. आत्याच्या सांगण्याप्रमाणे मान खाली. दाजींनी पोह्यांचा घास घेतला, बराच वेळ चघळला आणि म्हणाले, "फोह्यांक मीठ नाय."

"काय म्हणालात?" परशुरामांनी विचारलं.

"फोह्यांक... मीठ."

परशुरामांना वाटलं, हा माणूस आपल्याला वेडावतोय. तरी सोयरिकीचं काम, म्हणून ते गप्प बसले. दाजींनाही कळत होतं की काहीतरी बिघडत चाललंय. सांभाळून घ्यावं म्हणून त्यांनी एक गोष्ट केली जी त्यांनी वर्षानुवर्षं केली नव्हती. ते हसले. अर्धं तोंड उजव्या कानाकडे गेलं, अर्धं जागच्या जागी राहिलं. आणि नेमका त्याच वेळी हौसाबाईकडे बघून तो डोळा पुन्हा मिटला.

"दादा!" हौसाबाई कडाडली. "ह्यो मनीस सून बघूक इलो हा काय माका? इल्यापासून डोळो मारता माका!"

"कोण डोळो मारता?" दाजी उठले, आणि बोलता बोलता त्यांनी आणखी एकदा मारला.

"बाबा!" शंकरच्या तोंडून निघून गेलं. इतका वेळ तो बशीतल्या पोह्यांकडेच बघत होता.

परशुरामही उठले. आता काय बोललं गेलं असतं कोण जाणे. पण जानकीची मान अजून खालीच होती, आणि खाली तिला दाजींच्या धोतरावर चहाचे थेंब दिसले. सगळे डाव्या बाजूला. तिने मान वर केली आणि सरळ त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. डावा डोळा सताड उघडा होता आणि त्यातून पाणी गालावर ओघळत होतं.

"आत्या, गप ऱ्हव जरा," ती म्हणाली. मग ती एकदम शुद्ध बोलायला लागली, दवाखान्यात बोलायची तशी. "काका, खाली बसा. दोन्ही डोळे घट्ट मिटा."

तिच्या आवाजात असं काही होतं की दाजी बसले. त्यांनी डोळे मिटले. उजवा मिटला. डाव्याचं बुबुळ वर गेलं आणि खाली नुसता पांढरा भाग दिसत राहिला. शंकरने ते पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"अर्धांग?" त्याने हळूच विचारलं.

तो शब्द दाजींनी ऐकला. त्यांचे वडील अर्धांगाने दोन वर्षं अंथरुणात होते. त्यांना भरवायचं काम दाजींकडे असे. दाजींनी हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि जानकीचं मनगट धरलं.

"कबुतर होया," हौसाबाई म्हणाली. तिचा राग कुठल्या कुठे गेला होता. "कबुतराच्या रक्तान गाल चोळलो की वारो उतारता. दादा, सुताराकडे कबुतरां आसत."

"कबुतर राहू दे त्याच्या घरात," जानकी म्हणाली. "काका, माझा हात असाच जोराने दाबा. आता दुसऱ्या हाताने. आता दोन्ही पाय उचला. छान. आणि आता कपाळाला आठ्या घाला."

हे काम दाजींना सांगावं लागत नसे. पण आज तीन आठ्या कपाळाच्या मध्यापर्यंत येऊन थांबल्या. डावी बाजू लहान मुलाच्या कपाळासारखी गुळगुळीत राहिली.

जानकीचा चेहरा उजळला. "वा! फारच छान!"

"छान काय गो त्यात?" हौसाबाई चिडली.

"आत्या, कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतात. मेंदूत बिघाड झाला तर तोंड वाकडं होतं, पण आठ्या दोन्हीकडे पडतात. इथे कपाळही गप्प आहे. म्हणजे बिघाड मेंदूत नाही, वाटेत आहे. मेंदूपासून शिरांच्या बारा जोड्या निघतात. रक्ताच्या शिरा नव्हेत, निरोपाच्या. त्यातली ही सातवी. कानामागे हाडात एक अरुंद बोळ आहे, त्यातून ती चेहऱ्यावर येते. तिथे सूज आली की ती चेपते."

"आणि मीठ?" परशुरामांनी विचारलं. पोह्यांचं शल्य त्यांना होतंच.

"जिभेच्या पुढच्या भागाची चव हीच शीर नेते. आणि मोठा आवाज आला की कानातलं एक बारीक हाड आवरून धरायचं कामही हिचंच. म्हणून तुमचा आवाज त्यांना सोसला नाही. काका उद्धट नाहीत. त्यांची सातवी शीर दुखावली आहे."

दाजींनी श्वास सोडला. मनगट मात्र सोडलं नाही.

खरं तर एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण जानकीची परीक्षा एप्रिलमध्ये होती आणि बारा शिरांचा प्रश्न हमखास येतो, असं सगळ्या मुली म्हणत. शिवाय दुसरी एखादी शीर बिघडलेली नाही ना, हे बघायलाच हवं होतं. तिने आत जाऊन जायफळ आणलं, काकांना डोळे झाकायला लावून एकेका नाकपुडीशी धरलं.

"जायफळ," दाजी म्हणाले.

मग तिने त्यांना भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी वाचायला लावली. बोट नाचवलं आणि मान न हलवता नुसत्या डोळ्यांनी त्याच्यामागे जायला सांगितलं. कापसाची वात गालावरून फिरवली, दात आवळायला लावून जबड्यावर हात ठेवला. आपल्या वडिलांच्या कमरेचं घड्याळ काढून ते दोन्ही कानांशी धरलं. "आ" म्हणायला लावून घशात डोकावली. खांदे उडवायला सांगितलं तेव्हा दाजींनी इतक्या मन लावून उडवले की टोपी पडली.

हौसाबाई कपाळाला हात लावून बघत होती. मुलीला चालायला लावतात, वाचायला लावतात, सुईत दोरा ओवायला लावतात, हे तिने पुष्कळ पाहिलं होतं. नवऱ्याच्या बापाला कोणी हे सगळं करायला लावल्याचं तिने ऐकलंसुद्धा नव्हतं.

"आता जीभ बाहेर काढा."

"गो बाय! व्याह्याक जीभ दाखवूक लावतंस?"

दाजींनी जीभ काढली. ती सरळ बाहेर आली. "बारावी पास," जानकी म्हणाली, आणि शंकर मोठ्याने हसला. हसल्यावर तो घाबरून वडिलांकडे बघायला लागला. पण दाजींचंही अर्धं तोंड हसत होतं.

"अकरा बऱ्यो आसत," ते म्हणाले. "एकीसाठी कित्याक रडा?"

जानकीने त्यांना डोळ्याला स्वच्छ फडक्याची पट्टी कशी बांधायची ते दाखवलं, कुणीही सांगितलं तरी डोळ्यात कसलाही पाला पिळायचा नाही असं बजावलं, आणि डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. "बहुतेकांचं दीड-दोन महिन्यांत सरळ होतं. रोज आरशासमोर गाल फुगवा, शीळ घाला."

लग्नाचं बोलणं त्या दिवशी झालंच नाही. सगळे विसरले.

देवगडच्या सरकारी डॉक्टरांनी दाजींना तपासलं, मुलीने सांगितलं तेच सांगितलं आणि विचारलं, "तुम्हाला आधी कोणी पाहिलं?" दाजी म्हणाले, "माझ्या सुनेन." घरी आल्यावर सावित्रीने विचारलं, ठरलं काय? दाजी म्हणाले, नाय, पण माका तसा वाटता.

पुढचा महिनाभर बंदरावर नवीनच प्रकार चालू होता. बोट यायला वेळ असला की तिकिटाच्या खिडकीतून "फू, फू" असा आवाज येई. जाळीला टांगलेल्या हातभर आरशासमोर दाजी गाल फुगवत. शीळ निघत नसे, नुसती हवा जाई. खलाशी आधी लांबून हसले, मग जवळ येऊन शिकवायला लागले. ज्या माणसाशी कोणी कामाशिवाय बोलत नसे, त्याला तांडेल लोक ओठ कसे मुडपायचे ते दाखवत उभे राहत. तिसऱ्या आठवड्यात डावी पापणी हलली. शिमग्याच्या आदल्या दिवशी बारीक, चिरकी शीळ निघाली आणि धक्क्यावर टाळ्या पडल्या.

शिमग्याला शंकर मुंबईहून आला तसे दोघे पुन्हा खारेपाटणला गेले. या खेपेला दाजींनी मफलर घेतला होता. जानकीही सुटीवर आली होती. हौसाबाईने पोह्यांत मीठ जरा जास्तच घातलं होतं. दाजींनी ते न बोलता संपवले.

मग ते परशुरामांना म्हणाले, "माका चेडू पसंत आसा. आता तिका विचारा, आम्ही पास की नापास?"

हौसाबाईने भाचीला चिमटा काढला, पण उशीर झाला होता. जानकी म्हणाली, "काका, आधी माझी परीक्षा. मग एक वर्ष मला नोकरी करायची आहे. तोवर थांबाल?"

"वर्सभर?" हौसाबाई म्हणाली. "लोक काय म्हणतीत?"

"म्हणांदेत," दाजी म्हणाले. "माका थांबूक जमता. बोटीची वाट बघूनच माझो जन्म गेलो."

परशुराम आनंदाने जोरात हसले आणि आतून गूळ आणायला सांगितला. तेवढ्यात जानकी शंकरकडे वळली. दोन भेटींत या माणसाला कुणी एकही प्रश्न विचारला नव्हता. त्यानेही कुणाला विचारला नव्हता.

"तुमका काय होया, ता कोणी विचारूकच नाय," ती म्हणाली. "तुम्ही मुंबईक काय करतात?"

शंकर लाजला. "छापखान्यात खिळे जुळवतंय. शिश्याची अक्षरां. ती उलटी आसतत, म्हणून उलटा वाचूक शिकलंय."

"उलटा कसा वाचतात? दाखवा बघू."

शंकरने खिशातली पेन्सिल काढली आणि हळदीकुंकवाच्या तबकाखालचा जुना कागद ओढून त्यावर तिचं नाव उजवीकडून डावीकडे, आरशातल्यासारखं लिहायला घेतलं. जानकी ते वाचायला वाकली. खाली खाडीत भरती उतरायला लागली होती आणि मचवेवाला ओरडून ओरडून थकला होता, पण कागद भरला तरी दोघं उठली नाहीत, आणि दाजींनीच शेवटी परशुरामांना म्हटलं, "आज ऱ्हवतंव आम्ही. पाणी उद्या पुन्हा येतला."